ई-मेलला पर्याय : पेटी कोणाची, पत्ता कोणाचा?

'ई-मेल आता जुना झाला, त्याच्याऐवजी काय वापरावे?' हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकींत अलीकडे वरचेवर निघतो. त्याच्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो : 'आपला सगळा पत्रव्यवहार चार-दोन परदेशी कंपन्यांच्या हाती गेला आहे, त्यातून सुटका कशी करून घ्यावी?' २०२५ साली या प्रश्नांना देशभर जोर चढला. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या ई-मेल पेट्या झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर हलवण्यात आल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना याच कंपनीची कार्यालयीन साधने वापरण्यास सांगितले. त्याच सुमारास तिचे 'अरट्टै' नावाचे संदेशांचे अ‍ॅप लाखो लोकांनी आपापल्या फोनवर उतरवून घेतले. 'देशी अ‍ॅप घ्या म्हणजे प्रश्न मिटला' असा एकूण सूर होता.

हा सूर आम्हांला अपुरा वाटतो. अ‍ॅप देशी की परदेशी हा प्रश्न निरर्थक नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की संदेश पाठवण्याचे नियम सर्वांना खुले आहेत का, आणि आपला पत्ता आपल्या मालकीचा आहे का? ही दोन उत्तरे 'नाही' अशी असतील तर कंपनी कोणत्याही देशाची असो, आपण तिच्या घरात भाडेकरूच राहतो. असे आम्ही का म्हणतो ते एका अलीकडच्या घटनेवरून पाहू.

एका तेलकंपनीची पेटी बंद पडते

नायरा एनर्जी या कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत आणि तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडीनार येथे आहे. रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा तिच्यात सुमारे ४९ टक्के वाटा आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने रशियावर जे नवे निर्बंध घातले, त्यांत या कंपनीचे नाव आले. त्यानंतर चार दिवसांनी मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेल आणि बैठकींची सेवा बंद केली. निर्बंध युरोपचे, सेवा देणारी कंपनी अमेरिकेची आणि पेटी बंद पडली ती भारतातल्या कर्मचाऱ्यांची. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. पैसे भरून घेतलेली सेवा आणि स्वतःचीच माहिती आपल्याला नाकारली जात आहे, अशी तिची तक्रार होती. ३० जुलैच्या सुमारास सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळात कंपनीने ई-मेलसाठी मुंबईच्याच रेडिफची मदत घेतली होती.

या घटनेवरून बहुतेकांनी एकच निष्कर्ष काढला : परदेशी कंपनीवर विसंबू नये. तो चूक नाही. पण याच घटनेतली दुसरी गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवली नाही. एक सेवा बंद पडल्यावर थोड्याच दिवसांत दुसरीकडे ई-मेल सुरू करता येतो, हे कशामुळे? संस्थेचा पत्ता तिच्या स्वतःच्या नावाचा असला आणि पत्रे नेण्या-आणण्याचे नियम जगजाहीर असले, तर डाक वाहून आणणारा बदलता येतो. समोरच्याला काही कळवावे लागत नाही. हाच प्रसंग एखाद्या बंदिस्त संदेश-अ‍ॅपवर आला असता तर? तेथला पत्ता, तेथली माणसे, तेथली जुनी संभाषणे यांतले काहीही दुसऱ्या अ‍ॅपवर चालले नसते. ई-मेल 'जुना' आहे, म्हणूनच ही सोय त्याच्यात आहे.

४०१२०४ म्हणजे काय?

हे नीट समजण्यासाठी आपल्या नेहमीच्या टपालाकडे पाहू. भिवंडी तालुक्यातल्या तानसा नदीकाठच्या वज्रेश्वरीचा पिनकोड ४०१२०४ आणि शेजारच्या गणेशपुरीचा ४०१२०६. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो, दुसरा त्यातला उपविभाग, तिसरा टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणारे टपाल कार्यालय. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. वेगवेगळ्या लिपींत लिहिलेले पत्ते आणि एकाच नावाची अनेक गावे, यांतून त्यांनी सहा आकड्यांची वाट काढली.

या पद्धतीचे वैशिष्ट्य असे, की तिचा नियम कोणालाही ठाऊक असतो. पत्र पाठवणारा कोण, पाकीट कोणत्या दुकानातून घेतले, शाई कोणती, याच्याशी तिला कर्तव्य नसते. खाजगी कुरियरवालाही तोच पिनकोड वापरतो. पत्ता गावाचा असतो, वाहून नेणाऱ्याचा नसतो.

ई-मेल याच जातीचा आहे. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने दोन संगणकांमध्ये संदेश पाठवताना माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे ओळखू यावे म्हणून मध्ये 'अ‍ॅट' हे चिन्ह घातले. डावीकडे माणूस, उजवीकडे टपाल कार्यालय. पुढे १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी पत्रे एका संगणकाने दुसऱ्याला कशी सोपवावीत याचे नियम लिहून प्रसिद्ध केले. अशा नियमसंचाला तंत्रज्ञ प्रोटोकॉल म्हणतात. 'नमस्कार, मी अमुक संगणक, या माणसाकडून त्या माणसाला पत्र आहे, घेता का?' अशा थाटाचे हे संभाषण असते. ज्याला हे नियम पाळता येतील त्याने टपाल कार्यालय उघडावे, कोणाची परवानगी नको. ते नियम पुढे सुधारले गेले, पण त्यांचा गाभा आजही तोच आहे.

आपल्याकडे ई-मेल आला तो याच पद्धतीने. १९८६ साली अर्नेट हे शैक्षणिक संगणक-जाळे सुरू झाले. मुंबईत जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनसीएसटी, आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून संदेश जाऊ लागले. या कामाचे एक प्रमुख, एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी, यांचे नाव २०१४ मध्ये इंटरनेटच्या जागतिक सन्मानयादीत घेतले गेले. त्या काळी प्रत्येक संस्था आपले टपाल कार्यालय आपणच चालवी.

पेट्या फुकट, चाव्या त्यांच्याकडे

मग कंपन्यांचे वर्चस्व आले कोठून? १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९६ मध्ये हॉटमेल ही फुकट पेटी निघाली. पुढच्याच वर्षाअखेरीस ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. १ एप्रिल २००४ रोजी गुगलने एक जीबी जागेची जीमेल पेटी जाहीर केली. त्या वेळी इतर फुकट पेट्यांत दोन-चार एमबी जागा मिळे. लोक तिकडे वळले यात नवल नाही. पण या सोयीबरोबर एक बदल गुपचूप झाला. 'अ‍ॅट'च्या उजवीकडे आपल्या शाळेचे किंवा संस्थेचे नाव जाऊन कंपनीचे नाव आले. नियम खुलेच राहिले, पत्ता मात्र हातचा गेला.

दुसरे कारण जास्त अवघड आहे, आणि खुल्या पद्धतीचे गोडवे गाणारे ते सहसा सांगत नाहीत. ई-मेलच्या मूळ नियमांत पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची व्यवस्था नव्हती. पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच हे. एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांत ते चालून गेले. जग आत आल्यावर फसवी पत्रे आणि जाहिरातींचा कचरा यांचा पूर आला. तो गाळण्याचे काम मोठ्या कंपन्यांनी उत्तम केले, कारण रोज कोट्यवधी पत्रे डोळ्यांखालून गेली तर कचरा कसा दिसतो ते लवकर कळते. पण जो गाळतो तोच काय आत येऊ द्यायचे हेही ठरवतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी पत्र पाठवणाऱ्या यंत्रणांवर ओळखीच्या पुराव्याच्या नव्या अटी घातल्या. जीमेलवर दिवसाला ५००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी त्या जास्त कडक आहेत. अटी योग्यच आहेत. पण त्या जाहीर केल्या दोन कंपन्यांनी, आणि जग त्यांच्यामागे गेले. स्वतःचे लहानसे टपाल कार्यालय चालवणाऱ्याची पत्रे आज कचऱ्याच्या टोपलीत जाण्याचा धोका मोठा असतो.

म्हणजे ई-मेलचा दोष त्याच्या जुनेपणात नाही. नियम खुले ठेवले, पण राखण कोणी करायची हे ठरवले नाही, हा तो दोष होय.

कुंपण कसे पडते

संदेश-अ‍ॅपांची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथे नियमच बंद आहेत. एका अ‍ॅपवरून दुसऱ्या अ‍ॅपवर संदेश पाठवता येत नाही, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात काही चमत्कारिक आहे असे वाटतच नाही. पण एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमवर फोन लागला नसता तर आपण केवढा गोंधळ घातला असता! तो लागतो याचे कारण कंपन्यांचा चांगुलपणा नव्हे. जोडणी देण्याची सक्ती कायद्याने केली आहे. जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते, तीही नियमांच्या सक्तीने. अमेरिकेत टेलिफोनची बेल कंपनी लहान कंपन्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारा वापरू देत नसे; सरकारच्या दबावाने १९१३ साली तिला ते मान्य करावे लागले.

संदेश-अ‍ॅपांतही खुला नियमसंच होता आणि आजही आहे. १९९९ मध्ये जॅबर या नावाने तो सुरू झाला, पुढे त्याला एक्सएमपीपी म्हणू लागले. गुगलने २००५ साली आपले गुगल टॉक याच नियमांवर काढले आणि इतरांच्या टपाल कार्यालयांशी जोडूनही दिले. पुष्कळ लोक त्यात आले. मग २०१३ मध्ये कंपनीने नवे अ‍ॅप आणले आणि ही जोडणी सोडून दिली. फेसबुकनेही आपल्या संदेशसेवेला याच नियमांचे दार ठेवले होते. २०१५ मध्ये तेही बंद झाले. लहान असताना दार उघडे ठेवणे फायद्याचे असते, मोठे झाल्यावर बंद करणे. हा एका कंपनीचा दुष्टपणा नसून त्यामागे साधे गणित आहे, आणि ते वर्गात करून दाखवता येते.

वर्गात करून पाहा

चाळीस मुलांच्या वर्गाचे २४, १० आणि ६ असे तीन गट करा. प्रत्येक गटाचा एक पोस्टमन नेमा. फळ्यावर नियम लिहा : चिठ्ठीवर 'नाव आणि गट' लिहायचे, पोस्टमनने ती त्या गटाच्या पोस्टमनकडे द्यायची. दहा मिनिटे चिठ्ठ्या फिरू द्या. कोणीही कोणालाही लिहू शकतो. चाळीस मुलांत अशा किती जोड्या होतात? ४० गुणिले ३९ भागिले २, म्हणजे ७८०.

आता सांगा, की गटाबाहेरची चिठ्ठी घ्यायची नाही. मोठ्या गटात २७६ जोड्या उरतात, मधल्या गटात ४५ आणि लहान गटात १५; एकूण ३३६. बाकीच्या ४४४ वाटा बंद झाल्या. लहान गटातल्या मुलाला आधी ३९ जणांना लिहिता येत होते, आता फक्त पाच जणांना येते. तोच मोठ्या गटात गेला तर त्याला २४ जण मिळतात. मुलांना विचारा, 'गट बदलायची मुभा दिली तर कोठे जाल?' बहुतेक सगळी मोठ्या गटाकडे धावतील. त्या गटाचा पोस्टमन हुशार आहे म्हणून नव्हे, बाकीचे तेथे आहेत म्हणून.

आता तिसरी पायरी. लहान गटाचे नाव बदलून 'आपला गट' ठेवा, त्याला छान टोपी द्या, पण गटाबाहेरची चिठ्ठी न घेण्याचा नियम तसाच ठेवा. काही बदलले का? आमच्या मते 'देशी अ‍ॅप घ्या' या सल्ल्याची मर्यादा या पायरीत मुलांना आपोआप कळेल.

देशी पर्यायाची परीक्षा

येथे एक भेद नीट केला पाहिजे. झोहोची किंवा रेडिफची ई-मेल सेवा घेणे आणि अरट्टैवर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ई-मेलचे नियम खुले असल्यामुळे देशी सेवा घेतल्याने आपण जगापासून तुटत नाही, आणि उद्या ती नको झाली तर सोडताही येते. अरट्टैवर मात्र आज अरट्टैवाल्यांशीच बोलता येते. शिवाय, वाटेत कोणालाही वाचता येऊ नये असा संदेश कुलूपबंद करून पाठवण्याची सोय तिकडे लोटलेल्या गर्दीच्या वेळी लेखी संदेशांना नव्हती. ती नंतर आणावी लागली. व्हॉट्सअ‍ॅपवर ती २०१६ पासून आहे. म्हणजे देशी म्हणून आपोआप सुरक्षित, असे समीकरण नाही.

झोहोचे श्रीधर वेंबू यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये असे म्हटले, की संदेशसेवा यूपीआय आणि ई-मेलप्रमाणे एकमेकींशी जोडलेल्या असाव्यात, आणि त्यासाठी नियम प्रसिद्ध करण्याच्या दिशेने आपण बोलणी सुरू केली आहेत. ही भूमिका आम्हांला मोलाची वाटते. यूपीआयची तुलनाही चपखल आहे. वज्रेश्वरीच्या देवळाजवळ नारळ आणि ओटीचे सामान घेणाऱ्याच्या फोनवर एक अ‍ॅप असते, दुकानदाराच्या फोनवर दुसरे, दोघांच्या बँका तिसऱ्या-चौथ्या. तरी पैसे पोचतात, कारण २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयचे नियम सगळ्यांना सारखे बांधून ठेवतात. पण गूगल टॉकचीही सुरुवात अशीच झाली होती हे विसरता कामा नये. नियम छापून येणे, दुसऱ्या कोणी ते वापरून अ‍ॅप तयार करणे आणि ते जोडून दाखवणे, ही खरी परीक्षा. शिवाय यूपीआयचा अनुभव आणखी एक इशारा देतो : नियम खुले असूनही तेथले ८० टक्क्यांहून अधिक व्यवहार दोनच अ‍ॅपांवरून होतात. खुले नियम आवश्यक आहेत, पुरेसे नाहीत.

कायद्याचा आधार लागतोच. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये माहिती-वापराच्या नव्या अटी लोकांवर 'माना नाहीतर सोडा' अशा लादल्या, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण माहिती इतर सेवांना देण्यावरची पाच वर्षांची बंदी काढून टाकली. दंड भरून कुंपण हलत नाही. युरोपने मोठ्या संदेशसेवांवर जोडणी देण्याचेच बंधन घातले. तेव्हा कोठे नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने तेथे दोन लहान अ‍ॅपांसाठी दार किलकिले केले.

मुक्त पर्याय आणि त्यांचे दुखणे

खुल्या नियमांवरचे पर्याय आजही आहेत. मॅट्रिक्स या नियमसंचावर फ्रान्सच्या सरकारने २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी संदेशसेवा उभारली. डेल्टा चॅट हे अ‍ॅप दिसायला गप्पांचे, पण आतून ई-मेलच्याच नियमांवर चालते. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२५ मध्ये आपल्या ४० हजारांहून अधिक पेट्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेतून काढून मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. सिग्नल हे अ‍ॅप ना-नफा संस्था चालवते, त्याचे कुलूप उत्तम मानले जाते. पण तेही आपल्याच कुंपणात चालते, हे त्याचे चाहते सांगत नाहीत.

या पर्यायांचे दुखणे असे, की टपाल कार्यालय चालवायला माणूस लागतो. रात्री यंत्र बंद पडले तर कोण उठणार? फ्रान्सचे सरकार किंवा जर्मनीतले राज्य पगारी माणसे ठेवू शकते. एखाद्या उत्साही शिक्षकाने आपल्या घरच्या संगणकावर शाळेची संदेशसेवा चालवावी, असा सल्ला आम्ही देणार नाही. त्याची बदली झाली की सेवा संपली. शिवाय सरकारचीही भीती असते. मे २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या सुरक्षेचे कारण देऊन केंद्र सरकारने १४ संदेश-अ‍ॅपांवर बंदी घातली. मॅट्रिक्सवर चालणारे एलिमेंट आणि इंटरनेटशिवायही चालू शकणारे ब्रायर ही दोन्ही त्यांत होती. कंपनीच्या हातातून सुटलेला संदेश आपोआप स्वतंत्र होतो असे नाही.

आपल्या शाळांचे काय?

हे सगळे वज्रेश्वरीसारख्या ठिकाणच्या शाळेला कशाला सांगायचे, असे कोणी विचारील. आमच्या मते सर्वांत जास्त गरज तेथेच आहे. या पट्ट्यातली कातकरी आणि इतर श्रमिक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. घरात एक फोन, तोही कामावर गेलेल्या माणसाजवळ. रिचार्ज संपले की क्रमांक बंद पडतो, पुढच्या हंगामात नवे सिम येते. संदेश-अ‍ॅपवरचा पत्ता म्हणजे हा क्रमांकच. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने अशी अ‍ॅपे चालू सिमशी बांधून ठेवण्याचा आदेश काढला. फसवणूक रोखणे हा त्याचा हेतू. पण ज्याचे सिम टिकत नाही त्याचा पत्ताही टिकत नाही, हा त्याचा दुसरा अर्थ. अशा पालकाला शाळा 'गटावर टाकले होते' असे सांगते, तेव्हा ती सूचना त्याला मिळालेलीच नसते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत अशा वेळी एखाद्या मुलीच्या हातून जाऊ शकते.

शाळेची बाजूही तितकीच कच्ची असते. कित्येक शाळांचा अधिकृत ई-मेल म्हणजे पूर्वीच्या मुख्याध्यापकांनी उघडलेली फुकट पेटी, आणि तिची चावी त्यांच्या खाजगी क्रमांकाशी बांधलेली. पालकांचा गट एका शिक्षकाच्या फोनवर. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या अभियंत्यांनी देखभाल करताना दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने तिच्या सगळ्या केंद्रांची आपसांतली जोडणी तुटली. नाव-पत्त्यांची वही जगाला दिसेनाशी झाली आणि व्हॉट्सअ‍ॅपसह सगळ्या सेवा सुमारे सहा तास ठप्प झाल्या. सहा तासांचे फारसे बिघडत नाही. पण शिक्षकाची बदली होऊन गट मोडला, तर पाच वर्षांचा पत्रव्यवहार कायमचा जातो.

वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेशी जोडलेले आहे. १७३९ साली संपलेल्या त्या मोहिमेतली पत्रे आपण आज वाचू शकतो, कारण ती दप्तरात राहिली आणि १९३० पासून गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तराचे निवडक ४५ खंड छापले गेले. जासूद कोण होता, घोडा कोणाचा होता, यावर त्या पत्रांचे टिकणे अवलंबून नव्हते. आपल्या शाळांच्या आजच्या पत्रांचे तसे नाही.

मग करावे काय? पर्याय निवडण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. ही सेवा सोडली तर पत्ता माझ्याजवळ राहील का? येथून बाहेरच्या सेवेवरच्या माणसाला संदेश जातो का? जुना पत्रव्यवहार सगळाच्या सगळा उतरवून घेता येतो का? आणि ज्याच्याकडे हे साधन नाही त्याच्यापर्यंत मी कसा पोचणार? अरट्टै, व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नल पहिल्या दोन प्रश्नांत नापास होतात. ई-मेल स्वतःच्या नावाचा असेल तर तो पहिल्या तिन्ही प्रश्नांत उत्तीर्ण होतो, चौथ्यात नापास होतो. चौथ्या प्रश्नाला साधा एसएमएस, सूचनाफलक, मुलाच्या वहीतली चिठ्ठी आणि भट्टीवर जाऊन भेटणे, एवढीच उत्तरे आजही आहेत.

इंटरनेटवरचे स्वतःचे नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत मिळते. पण प्रत्येक शाळेने ते वेगळे घेण्याची गरज नाही. केंद्रशाळेने किंवा पंचायत समितीने एक नाव घ्यावे आणि त्याखाली शाळांना पदाचे पत्ते द्यावेत, व्यक्तीचे नव्हेत. टपाल वाहण्याचे काम झोहोला द्यावे, रेडिफला द्यावे, गुगललाही द्यायला हरकत नाही. ते बदलता येते, हेच महत्त्वाचे. वर्षातून एकदा सगळी पत्रे उतरवून दप्तरात जपावीत. पालकांचा गट बातमीपुरता ठेवावा, नोंदीसाठी नाही. आणि मुलाच्या आजाराची किंवा घरच्या अडचणीची गोष्ट ना गटावर टाकावी, ना साध्या ई-मेलवर.

यातून मोठ्या कंपन्यांचे साम्राज्य कोसळणार नाही. संदेश-अ‍ॅपांना एकमेकांशी जोडण्याची सक्ती सरकारनेच करायला हवी, आणि टेलिफोनच्या बाबतीत ती झाली आहे तर येथेही होऊ शकते, असे शिक्षकांच्या संघटनांनी मागितले पाहिजे. तोपर्यंत नव्या अ‍ॅपचे नाव ऐकताच ते उतरवून घेण्यापूर्वी वरचे चार प्रश्न मुलांसमोर फळ्यावर लिहावेत आणि उत्तरे त्यांनाच शोधू द्यावीत.